माणूस बेतायचा की काम?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग धड ओळखता येत नसत. किर्लोस्करवाडीच्या गौरवकथेत ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकते आणि लगेच लोखंडी नांगराची कहाणी सुरू होते. मला मात्र ती एक ओळ नांगराइतकीच महत्त्वाची वाटते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायचं म्हणून १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. रेषा उत्तम, मापाची जाण पक्की, पण रंगकामाशी येऊन गाडी अडली. अंशतः रंगांधळेपणा निघाला आणि चित्रकलेचा रस्ता बंद झाला. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन हाती घेतलं. त्यात रेघ लागते, माप लागतं, रंग लागत नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

म्हणजे एकाच माणसाला दोन ठिकाणी नकार मिळाला. पहिला नकार डोळ्यांमुळे, दुसरा कातडीमुळे. पहिल्याला कामातलं काही कारण तरी होतं. रंगचित्र काढणाऱ्याला रंग दिसायला हवेत, हे मान्य. दुसऱ्या नकाराचा कामाशी काडीचाही संबंध नव्हता. नोकरीच्या ठिकाणी माणसांच्या वेगळ्या गरजा आणि वेगळं दिसणं कसं सामावून घ्यायचं, या सगळ्या चर्चेचं मूळ या दोन नकारांतल्या फरकात आहे. गंमत अशी, की पुढे १९१० साली याच माणसाला कारखान्यासाठी कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर ३२ एकर जमीन दिली ती औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आणि हे राजे स्वतः चित्रकार होते. रंग न ओळखणाऱ्या माणसावर रंगांत रमणाऱ्या राजाने भरवसा टाकला. सांगली जिल्ह्यातल्या यंत्रमागांच्या विट्याहून निघालं तर तासाभराच्या आत आपण त्या माळावर पोचतो. आता तिथे निवडुंग नाही, किर्लोस्करवाडी आहे.

पहिला नकार आधी नीट समजून घेऊ, कारण तो वाटतो तेवढा सरळ नाही.

रंगांधळेपणा म्हणजे सगळं जग काळं-पांढरं दिसणं, असा सर्रास समज आहे. तो खोटा आहे. बहुतेकांना फक्त लाल आणि हिरव्याच्या आसपासच्या छटांत गोंधळ होतो. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतला एक प्रकार नसला किंवा वेगळा असला, की हे होतं. याला जबाबदार असलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून हा प्रकार पुरुषांत जास्त सापडतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के आहे आणि स्त्रियांत अर्धा टक्का. आशियातलं प्रमाण याहून कमी आहे. तरीही शंभर पुरुष कामाला असलेल्या कोणत्याही कारखान्यात असे दोन-चार जण असणारच. त्यांतल्या कित्येकांना स्वतःलाही ते माहीत नसतं.

नोकरीसाठी रंगदृष्टी तपासायची पद्धत कशी सुरू झाली, ती हकीकत विट्यासारख्या सुताच्या गावात सांगण्याजोगी आहे. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमधल्या लागरलुंडा इथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली आणि नऊ माणसं दगावली. फ्रिथिऑफ होल्मग्रेन या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने असं मांडलं, की एका रेल्वे कर्मचाऱ्याला सिग्नलच्या दिव्याचा रंग कळला नसावा. त्याने तपासणीसाठी रंगीत लोकरीच्या लडी घेतल्या. एक फिकट हिरवी लड समोर ठेवायची आणि ढिगातून तिच्या जातीच्या लडी वेचायला सांगायचं. रंगांध माणूस हिरव्यात करड्या आणि तपकिरी लडी मिसळायचा. वर्षभरात स्वीडिश रेल्वेने ही चाचणी सक्तीची केली आणि तिथून ती जगभर पसरली. ठिपक्यांतला आकडा ओळखायची जी चाचणी आपण आज देतो, ती जपानच्या शिनोबू इशिहारांची, १९१७ सालची. आणि ज्या अपघातावरून हे सगळं उभं राहिलं, त्यात रंगांधळेपणाचा खरंच हात होता का, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. म्हणजे शेकडो व्यवसायांची दारं ज्या कारणावरून बंद झाली, ते कारणच पुरतं सिद्ध झालेलं नव्हतं.

चाचणी चुकीची होती, असं मी म्हणत नाही. आगगाडी हाकणाऱ्याला तांबडा-हिरवा कळायलाच हवा. गडबड झाली ती पुढे. एका कामासाठी तयार केलेली चाळणी सगळ्या कामांना लावली गेली. कारकुनाला रंगदृष्टी कशाला लागते, हे कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अलीकडे विचारला जाऊ लागला आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांतले अर्ज बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. चौकातला दिवा वरचा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं, हे त्यांना रंगाशिवायही कळतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं प्रकरण याहून बोलकं आहे. संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांध म्हणून प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मात्र असा विचार केला, की सिनेमा हे अनेकांनी मिळून करायचं काम आहे. जिथे रंगाचा निर्णय येईल तिथे दुसऱ्याची मदत घेता येते. तेवढ्यावरून अख्ख्या अभ्यासक्रमाचं दार लावण्याचं कारण नाही. २०२३ मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीत निवड होऊनही रंगांधळेपणामुळे बाहेर राहिलेल्या एका अभियंत्याच्या बाजूने निकाल लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणाच्या एसटी महामंडळातल्या एका चालकाला दुसरं काम देण्याचा आदेश झाला. त्याला रंगांध ठरवून घरी बसवलं होतं, पर्यायी काम शोधायचे कष्ट महामंडळाने घेतले नव्हते. या खटल्यात १९७९ सालचा एक जुना करार कामी आला. रंगांध ठरलेल्या चालकाला दुसरी जागा द्यायची, हे कामगार संघटनेने तेव्हाच लिहून घेतलं होतं. संघटनेतल्या कुणाला तरी चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी हे सुचलं होतं, याचं मला कौतुक वाटतं.

या निकालांमागची विचारपद्धत एकच आहे. काम अख्खं बघायचं नाही, त्याची फोड करायची. त्यातला कोणता भाग अटळ आहे आणि कोणता केवळ सवयीने चिकटला आहे, ते वेगळं काढायचं. विट्यातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून ही फोड करून बघू.

मागावरचं काम, असं आपण एका शब्दात म्हणतो. प्रत्यक्षात तिथे सात-आठ वेगळी कामं असतात. कोनवरून कांड्या भरणारी बाई वेगळी, माग चालवणारा वेगळा, बिघाड काढणारा जॉबर वेगळा. बिमाचे हजारो उभे धागे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवणारे वहिफणीवाले वेगळे. कापडाच्या घड्या घालणारा घडीवाला आणि हिशेब ठेवणारे दिवाणजी वेगळे. माग चालवणाऱ्याचं काम उभ्याचं आणि फिरतीचं. चार-सहा मागांमध्ये सतत येरझाऱ्या, तुटलेला धागा दिसला की गाठ मारायची, कांडी संपली की धोटा बदलायचा. त्याला पाय लागतात. वहिफणीवाल्याचं काम बसून करायचं, त्याला पाय जवळजवळ लागत नाहीत. पण डोळे आणि बोटं अशी लागतात की बोलायची सोय नाही. अपघातात पाय गेलेला माणूस मागावर कामाला येणार नाही, पण वहिफणीला, घडीला, कांडीला किंवा चोपडीला का येणार नाही? कोरं कापड विणणाऱ्या शेडमध्ये रंगांध माणसाला अडचण कसली येते? रंगीत सुतावरही कोनच्या पुठ्ठ्यावर रंगाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला, तर काम भागतं.

एक गोष्ट मला मागाच्या रचनेतच दिसते आणि आवडते. माग उजवे आणि डावे असे दोन जातींचे बनतात. समोरासमोर आणि शेजारी लावताना ते अशा हिशेबाने लावतात, की चालू-बंद करायचं हँडल विणकराच्या हाताशी यावं आणि त्याची पावलं वाचावीत. यंत्र बनवणाऱ्याने माणसाची चाल आधी पाहिली आणि मग लोखंड ओतलं. कामगाराची सोय बघणं हा परदेशातून आलेला नवा फॅशनेबल विचार आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला शेडमध्ये नेऊन ही जोडी दाखवावी.

सगळ्यात दुर्लक्षित सोय म्हणजे चष्मा. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक दिसू लागतं. हे सगळ्यांचंच होतं, त्यात आजार काही नाही. पण वहिफणीवरच्या किंवा गाठ मारणाऱ्या माणसाची कमाई तिथून उतरणीला लागते. 'आता त्याच्या हाताला पहिल्यासारखा उरक राहिला नाही' असं म्हणतात. हात तोच असतो, नजर गेलेली असते. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. निम्म्यांना लगेच साधे वाचायचे चष्मे दिले, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानतोडणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. उत्पादन एवढं वाढवणारं यंत्र घ्यायचं तर कारखानदाराला बँकेत खेटे घालावे लागतील. चष्मा दोन-तीनशे रुपयांत येतो.

आता आवाज. धोट्याचा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो आणि दर फेकीला लाकडावर लोखंड आपटतं. असे चोवीस माग पत्र्याखाली चालू असले की शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागतं. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकांनी यासाठी ओठांच्या हालचालींची एक अख्खी भाषाच तयार केली होती. तेव्हा कर्णबधिर माणूस शेडमध्ये काम करू शकेल का, हा प्रश्नच उलटा आहे. तिथे काम करायला ऐकू यावंच लागत नाही. ज्याला ऐकू येतं त्याचेच कान तिथे जातात. भारतातल्या कारखाना नियमांनी ठरवलेली मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल आहे. आवाज ९५ झाला की वेळ ४ तासांवर येते, १०० झाला की २ तासांवर. दर पाच डेसिबलला वेळ निम्मी. जुन्या मागांची शेड ९० च्या वर सहज जाते आणि पाळी मात्र आठ किंवा बारा तासांची असते. आवाजाने आलेलं बहिरेपण १९२३ च्या भरपाई कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलं गेलं, पण त्यासाठी कामाला लागताना कान कसे होते याची नोंद हवी. ती नोंद ठेवतो कोण? माणूस पन्नाशीला मोठ्याने बोलू लागतो, घरातले चिडतात, आणि सगळं वयावर ढकललं जातं. कर्णबधिर कामगारासाठी इथे करायचं असतं ते फार थोडं. भोंग्याबरोबर एक लुकलुकणारा लाल दिवा बसवायचा. जॉबरला मागून येऊन खांद्यावर हात न ठेवता समोरून यायची सवय लावायची. दचकून हात यंत्रात जाण्याचा धोका तेवढ्याने टळतो.

इथपर्यंतची चर्चा गरजांची झाली. दिसण्याची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तिथे नकार देणारा खरं कारण सहसा सांगत नाही.

दिसण्याबाबतचे काही नियम खरोखर जिवाशी निगडित असतात. फिरत्या पट्ट्याजवळ सुटा पदर, ओढणी, मफलर किंवा मोकळे केस म्हणजे साक्षात काळ. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या २२ व्या कलमाने चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला अंगाशी घट्ट बसणारे कपडे सक्तीचे केले. हे कपडे मालकाने पुरवायचे, असंही त्याच कलमात लिहिलं. नियम सगळ्यांना आठवतो, ही दुसरी ओळ कुणाला आठवत नाही. कांडी मशिनवरच्या बाईला 'साडी नेसून येऊ नको' असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. साडीवरून घालायचा, कमरेला बांधायचा कोट तिच्या हातात देणं हे खरं काम. तो मिळाला की तिची साडीही राहते आणि जीवही राहतो. शिखांच्या पगडीचा प्रश्न जगभर याच वळणाने गेला. आपल्या मोटार वाहन कायद्यात पगडी बांधणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून सूट आहे. ब्रिटनने १९८९ मध्ये ती बांधकामांवर दिली आणि २०१५ मध्ये बहुतेक सगळ्या कामाच्या जागांवर. त्यात धोका उरतोच, हे ब्रिटिश कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणून त्याने मालकाची जबाबदारी तेवढी मर्यादित केली.

मी एक साधी कसोटी वापरतो. हे दिसणं यंत्राला खुपतंय की कुणाच्या डोळ्याला?

कोड घ्या. ते संसर्गजन्य नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, एवढंच. हातावर कोड असलेली मुलगी साडीच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली तर कापडाला काहीही होत नाही. तरी तिला आतल्या खोलीत घड्या घालायला बसवतात आणि 'गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही' असं म्हणतात. गिऱ्हाइकाला काय बरं वाटतं यावर नोकरी ठरवायची झाली, तर व्हीजेटीआयमधल्या त्या बढतीलाही नावं ठेवता येणार नाहीत. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचं याहून वाईट. मिरजेसारख्या ठिकाणी त्यांच्यावर उपचार झाले, वाकडी बोटं शस्त्रक्रियेने सरळ करण्याचं तंत्र आलं, औषधांनी रोग पूर्ण बरा होऊ लागला. उरते ती बोटांची गेलेली संवेदना. तिच्यासाठी अवजाराची मूठ जाड आणि उष्णता न धरणारी करावी लागते आणि दिवस संपताना हात तपासायची सवय लावावी लागते. बाबा आमट्यांच्या आनंदवनात अशाच हातांनी माग चालवले, शेती केली. इथेही खुपलं ते बघणाऱ्यांच्याच डोळ्यांना.

गोंदणाची गोष्ट आपल्या भागातल्या पोरांना चांगली ठाऊक आहे. सातारा-सांगलीतून सैन्यभरतीला जाणाऱ्यांची रांग मोठी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची ओळखच 'मिलिटरी अपशिंगे' अशी आहे. भरतीच्या मैदानावर नको त्या जागी टॅटू निघाला की पोरगा बाद होतो. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागे तो चालतो. पण ज्या आदिवासी समाजांत गोंदणाची रीतच आहे, त्यांच्यासाठी सैन्याने वेगळी मुभा ठेवली आहे. शिस्तीत सैन्याचा हात धरणारं कुणी नाही. एका रूढीसाठी सैन्य नियमाला बगल देऊ शकतं, तर शहरातल्या दुकानाला नाकातल्या चमकीचं एवढं वावडं का असावं, हे मला कळत नाही.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका महिला पोलीस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा वर्दीतलं दिसणं हा प्रश्न थेट मंत्रालयापर्यंत गेला. भरती महिलांच्या कोट्यातून झाली होती आणि पुरुष शिपायाचे निकष वेगळे होते. आधी नकार आला, न्यायालयात धाव घ्यावी लागली, आणि २०१८ मध्ये सरकारने परवानगी दिली. तो शिपाई पुरुष म्हणून सेवेत राहिला. गस्त, बंदोबस्त आणि ठाण्यातली डायरी, यांतलं काहीही या बदलाने अडलं नाही.

किर्लोस्करवाडीकडे पुन्हा वळायचं कारण असं, की लक्ष्मणरावांनी माणसं घेताना ही कसोटी कुठल्याही कायद्याच्या आधी लावली होती. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक इंजिनियर झाले. परीक्षेत न टिकलेल्या के. के. कुलकर्ण्यांना वाडीत हरतऱ्हेचं काम मिळालं. रखवालीवर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे, शिक्षा भोगून आलेले दोघे नेमले गेले. त्या काळात काही जातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा देशात लागू होता आणि अशा माणसाच्या हाती कारखान्याची राखण द्यायची म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणा होता. वाडीत शिवाशिवीला बंदी होती. याच औंध संस्थानाने पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत काढली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून ती आली आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तीच आहे. विट्यापासून एका बाजूला किर्लोस्करवाडी, दुसऱ्या बाजूला स्वतंत्रपूर. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या या पट्ट्याला हा वारसा आहे, पण इथल्या भाषणांतून तो फारसा ऐकू येत नाही.

लक्ष्मणराव संत होते असं समजायचं कारण नाही. ते कारखानदार होते. माळरानावर शिकलेली माणसं यायला तयार नव्हती, मग जी आहेत त्यांतून कोण कुठे बसतो ते पाहावं लागलं. निकडीतून आलेली ही नजर मला दयेपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

उलट टोकाचं उदाहरणही याच भागात दर हिवाळ्यात दिसतं. सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांवर बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. एकाने खाडा केला की जोडीचा दिवस बुडतो आणि वर दंड बसतो; तो पाचशे रुपयांपर्यंत गेल्याच्या तक्रारी आहेत. फडात संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या चार दिवसांत बाईने काय करायचं? गरोदर बाईने मोळी कशी उचलायची? या प्रश्नांना कामाच्या रचनेत उत्तरच ठेवलेलं नाही. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, तीही बहुतेकींची ऐन तिशी-चाळिशीत. डॉक्टरांचा लोभ, कर्करोगाची भीती, अज्ञान, सगळी कारणं तिथे आहेत. पण खाडा परवडत नाही हे कारण त्या सगळ्यांच्या तळाशी आहे. कामाने चार दिवस वाकायचं नाकारलं, म्हणून शरीर कापून कामात बसवलं गेलं.

इथे एक हिशेब समोर येतो. सरकारी कर्मचाऱ्याला सवलत दिली तर तिचा खर्च सरकार सोसतं. पगार तोच राहतो. फडावर मजुरी टनावर असते आणि मागावर कापडात बसलेल्या आडव्या धाग्यांवर, म्हणजे पिकांवर. अशा ठिकाणी सवलतीचं प्रत्येक मिनिट कामगाराच्याच खिशातून जातं. कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोनदा पाजायला सुट्टी दिली आहे. पण पिकांवर मजुरी घेणाऱ्या आईने माग थांबवला तर तिची मजुरीही थांबते. म्हणून आई पाजायला जात नाही आणि कारखानदार सांगतो, 'आमची काही हरकत नाही, तीच जात नाही.' दोघांचंही खरं असतं. खुर्चीचंही तसंच. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे कारखाना कायद्याने १९४८ मध्येच सांगितलं. दुकानांतल्या विक्रेत्यांना बसायचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये लिहून दिला, तोही केरळातल्या कापड दुकानांतल्या बायकांनी आंदोलनं केल्यावर. मजुरीचा हिशेब न बदलता नुसती खुर्ची आणून ठेवली, तर तिच्यावर कोन रचून ठेवले जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चित्र बरंच बदललं. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं मानली आहेत. ठेंगणेपणा, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता, कुष्ठरोगातून बरं झाल्यावर उरलेलं व्यंग, मानसिक आजार, सिकलसेल, सगळं त्यात येतं. रास्त सोय नाकारणं हाच भेदभाव, असं हा कायदा म्हणतो. सोयीचा बोजा अवाजवी नसावा, एवढी सवलत तो मालकालाही देतो. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पगारही कमी करता येत नाही. योग्य जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. सरकारी पदांत ४ टक्के राखीव जागा आहेत. खाजगी आस्थापनांना समान संधीचं धोरण लिहून काढायला सांगितलं आहे, पण कोणती पदं दिव्यांगांना योग्य आहेत आणि कोणत्या सोयी देणार, हा तपशील वीस किंवा अधिक माणसं असलेल्यांनाच द्यावा लागतो. विट्यात घराच्या मागच्या पत्र्याखाली बारा माग चालवणारा माणूस या आकड्याच्या खाली राहतो. तोही श्रीमंत नसतो. सूत महागलं आणि कापड पडलं की तो स्वतःच माग भंगारात घालायच्या विचारात असतो. त्याला धोरणाचा मसुदा दिला तर तो त्यात कांड्या गुंडाळील.

म्हणून मला वाटतं, की इथे ही बाब एकेका कारखानदाराच्या मनावर सोडण्यात अर्थ नाही. यंत्रमागधारकांचे सहकारी संघ आहेत, सुताचा भाव आणि विजेची सवलत यांसाठी ते एकत्र येतातच. वर्षातून एकदा सगळ्या शेडमधल्या कामगारांचे कान आणि डोळे तपासायचे, चाळिशीचे चष्मे घाऊक भावात आणायचे, कामावर लागतानाची कानांची नोंद एका चोपडीत ठेवायची. एका गावातल्या दोनशे शेड मिळून हा खर्च माणशी चहाच्या हिशेबात बसतो. पाय गेलेल्या माणसाला कुठल्या शेडमध्ये वहिफणीची जागा रिकामी आहे, हे दिवाणजींना आपसात माहीत असतंच. तेच एका फळ्यावर लिहायचं. अवघड आहे ते पाजायला जाणाऱ्या आईच्या पंधरा मिनिटांचं. तेवढ्या वेळेची सरासरी पिकं तिच्या नावावर धरायची का, आणि ती कुणी भरायची, यावर मजुरीच्या पुढच्या करारात मालक आणि संघटना यांना समोरासमोर बसावं लागेल.